लाल, पण तिखट नाही

उन्हाळा लागला की सोलापूरच्या शुक्रवार पेठेतल्या गच्च्यांवर मिरच्या वाळत पडतात. मसाला कांडायला निघालेल्या कुठल्याही बाईला विचारा, ती एका दमात सांगेल: रंगाला ब्याडगी, झणक्याला लवंगी. रंग एका मिरचीकडून घ्यायचा आणि तिखट दुसरीकडून, हा आपला हिशेब. हंगेरीत मात्र हे दोन्ही एकाच मिरचीत होतं आणि त्यातलं तिखट काढून टाकायला त्या लोकांनी बराच खटाटोप केला. या मिरचीची, म्हणजेच पाप्रिकाची, कुळकथा म्हणजे त्याच खटाटोपाची गोष्ट.

मूळ अर्थातच अमेरिकेतलं. पोर्तुगीजांनी 1510 मध्ये गोवा घेतला, त्यानंतर मिरची इथे रुजली. तिकडे 1541 मध्ये तुर्कांनी बुदा शहर घेतलं आणि त्यांच्या राजवटीत ती हंगेरीच्या परसात पोचली. गंमत अशी, की जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ लिओनहार्ट फुक्स याने 1542 च्या आपल्या ग्रंथात मिरचीला चक्क ‘कालिकतची मिरी’ म्हटलं. म्हणजे आपल्याकडे नुकत्याच उतरलेल्या पाहुणीला युरोप भारताचीच लेक समजत होता.

गोव्यात डुकराच्या मांसाशी मिरचीची गाठ पडली ती व्हिनेगर आणि लसणासोबत, आणि विंदालू जन्मलं. हंगेरीत ती पडली डुकराच्याच चरबीशी आणि कांद्याशी. आधी मेंढपाळ-शेतकऱ्यांच्या कढईत. बड्यांच्या ताटात ती फार उशिरा गेली.

बिया तिखट असतात असं आपण सर्रास म्हणतो. खरं तिखट असतं ते बिया ज्या पांढऱ्या शिरांना चिकटलेल्या असतात, त्या शिरांत. हंगेरीतल्या सेगेद शहरात बाया हातानेच त्या शिरा खरवडून काढत. 1859 मध्ये तिथल्या पाल्फी बंधूंनी यासाठी यंत्र काढलं आणि सौम्य पूड दूरवर विकली जाऊ लागली. विसाव्या शतकात तर मुळातच तिखट नसलेलं वाण तयार झालं, मग शिरा काढायचं कामच उरलं नाही.

याच सेगेदमध्ये आल्बर्ट सेंट-ज्यॉर्जी प्राध्यापक होते. एका रात्री बायकोने जेवणात ताजी पाप्रिका वाढली. ती खायची इच्छा नव्हती आणि तसं तोंडावर सांगायचं धाडसही नव्हतं, म्हणून ते ती उचलून प्रयोगशाळेत घेऊन गेले, असं ते स्वतःच सांगत. तिच्यात क जीवनसत्त्वाचा खजिना निघाला. 1937 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. नवऱ्यांच्या खोड्यांतून क्वचितच इतकं निष्पन्न होतं!

आता ताटाकडे. जग ज्याला गुलाश म्हणतं ते बहुतेक वेळा ‘पर्कल्त’ असतं. हंगेरीतला गुलाश पातळ, सूपासारखा. पर्कल्तला डुकराच्या खांद्याचं मांस आणि त्याच्या निम्म्या वजनाचा कांदा. कांदा चरबीत मंद आचेवर सोनेरी होऊ द्यायचा, मग भांडं आचेवरून खाली उतरवायचं आणि तेव्हाच पाप्रिकाची पूड घालायची. तिच्यात साखर असते. धगीवर घातली तर करपून कडू होते. तिचा रंग पाण्यात नाही, स्निग्धात उतरतो, म्हणून चरबी हवीच. आपली तर्री लाल दिसते तीही याच कारणाने. मग मांस, मीठ, अगदी थोडं पाणी, झाकण आणि दीड-दोन तासांचा धीर. पीठ लावून रस दाट करायचा नाही. कांदाच विरघळून ते काम करतो.

सोलापुरात पाप्रिका मिळाली नाही तर हावेरी जिल्ह्यातली ब्याडगी घ्यावी, त्यातही डब्बी: बुटकी, सुरकुतलेली, रंगाने गडद आणि तिखटाला कमी. तिच्यातही थोडा झणका असतोच. म्हणून कांडपावर न्यायच्या आधी ती चिरून शिरा आणि बिया काढाव्यात, म्हणजे सेगेदच्या बाया करत तेच. मात्र हात शिवशिवले तरी काळा मसाला घालू नये; घातलात तर पदार्थ चांगलाच होईल, पण तो सोलापूरचा होईल.