मागच्या हबची गोष्ट, आणि न बसणारी कॅसेट

आज टेबलावर दोन मागची चाकं ठेवली आहेत. एक १९९८ च्या सुमाराच्या माउंटन बाइकचं, दुसरं अलीकडचं. दोन्हींवर दातेरी चकत्यांचा संच, म्हणजे कॅसेट बसते. पण एकाची कॅसेट दुसऱ्यावर चढत नाही. दुकानात उत्तर मिळतं, ‘हे जुनं झालं, चाकच बदला.’ कंपन्यांनी विक्रीसाठी हा घोळ घातला, असं आपण म्हणतो. ते खोटं नाही, पण अर्धंच खरं आहे. घोळ कसा तयार झाला ते कळलं, की पुष्कळदा चाक वाचतं.

सुरुवात कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीपासून करू. १९७० च्या दशकात तिथली तरुण मंडळी जाड टायरच्या जुन्या सायकली घेऊन डोंगरातल्या कच्च्या रस्त्यांवरून खाली सुटायची. १९७६ साली एका उतारावर शर्यती सुरू झाल्या. त्या उताराचं नाव ‘रीपॅक’. पॅडल उलटं दाबून लागणारा ब्रेक मागच्या हबच्या आतच असे. उतार संपेपर्यंत हब इतका तापे की ग्रीस जळून जाई, आणि ते पुन्हा भरावं लागे. त्यावरूनच हे नाव पडलं. म्हणजे खेळाच्या जन्मापासून मागचा हब ही त्याची दुखरी जागा आहे.

पुढे या सायकलींना गिअर आले. तेव्हा मागच्या चकत्या फ्रीव्हीलवर असत, आणि अख्खं फ्रीव्हील हबच्या आट्यांवर फिरवून बसवलेलं असे. आपल्याकडच्या साध्या सायकलींना आजही तेच असतं. एका चकतीला ते उत्तम. पण चकत्या पाच, सहा, सात झाल्या आणि अडचण उभी राहिली. उजवीकडचे छर्रे फ्रीव्हीलच्या आतल्या बाजूला राहतात. तिथून फ्रेमपर्यंत अॅक्सलला आधार नाही. फ्रीव्हील जितकं रुंद, तितका हा बिनआधाराचा भाग लांब. दगडावरून चाक आपटलं की अॅक्सल वाकायचा, कधी तुटायचा.

शिमानोने १९७८ साली फ्रीहब बाजारात आणला. चाक मोकळं फिरवणारी यंत्रणा हबचाच भाग झाली, छर्रे बाहेरच्या टोकाला गेले, अॅक्सलला आधार मिळाला. चकत्या आता आट्यांवर न बसता खाचांवरून सरकवायच्या. १९८९ च्या सुमारास हायपरग्लाइड आलं. त्यातली एक खाच इतरांपेक्षा वेगळ्या रुंदीची असते, त्यामुळे चकती एकाच रीतीने बसते. दात्यांना दिलेले आकार एकमेकांसमोर येतात आणि साखळी जोर असतानाही अलगद चढते. संच शेवटी लॉकरिंगने आवळायचा.

आता गंमत पाहा. माउंटन बाइकच्या आठ, नऊ आणि दहा चकत्यांच्या कॅसेट याच लांबीच्या फ्रीहबवर बसल्या. चकत्या वाढल्या, पण त्यांमधलं अंतर कमी केलं, साखळी बारीक झाली. शिमानोची माउंटन बाइकची अकरा चकत्यांची कॅसेटसुद्धा इथेच बसते, कारण तिची मोठी चकती आतल्या बाजूला, स्पोकवर झुकलेली असते. सात चकत्यांचा संच असेल तर मागे ४.५ मिलिमीटरची रिंग घालायची. रस्त्यावरच्या सायकलींचा अकरा गिअरचा फ्रीहब मात्र १.८५ मिलिमीटरने लांब. त्यावर माउंटन बाइकची कॅसेट बसवताना तेवढी रिंग लागते. केवळ रिंग नसल्यामुळे डुगडुगणारी कॅसेट ‘चुकीची’ ठरवली जाते, हे आम्ही अनेकदा पाहिलं आहे.

खरी फाटाफूट २०१२ मध्ये झाली. स्रॅमने पुढे एकच चकती ठेवली. मग चढ-उताराचा सगळा आवाका मागेच हवा: १० पासून ४२ दात्यांपर्यंत. जुन्या फ्रीहबचा व्यास मोठा; त्यावर ११ दात्यांपेक्षा लहान चकती मावत नाही. म्हणून टोकाला बारीक असलेला ‘एक्सडी’ आला. शिमानोने २०१८ मध्ये त्याच कारणासाठी ‘मायक्रो स्प्लाइन’ काढला. कारण एक, उत्तरं दोन, आणि ती एकमेकांना चालत नाहीत. इथे मात्र तक्रार रास्त आहे.

मग करायचं काय? आधी बघा, हबवर आटे आहेत की खाचा. आटे असतील तर कॅसेटचा विषयच नाही, फ्रीव्हील घ्या. खाचा असतील तर कॅसेटची सर्वांत लहान चकती मोजा. ११ किंवा जास्त दाते असतील तर बहुधा जुनाच फ्रीहब चालतो; १० असतील तर एक्सडी किंवा मायक्रो स्प्लाइन. अनेक हबवर फ्रीहबचा तेवढा भाग बदलता येतो, चाक बदलावं लागत नाही. तो बदलता येतो का, हे हबचं मॉडेल सांगून आधी विचारा. शिवाय शिफ्टर, डिरेलर आणि साखळी तितक्याच गिअरची हवी.

हबची रुंदी हा वेगळा प्रश्न आहे, त्याची इथे सरमिसळ करू नका. १३५ आणि १४२ मिलिमीटरचे हब आतून बहुधा सारखेच. फरक टोकांच्या टोप्यांचा. १४८ चा ‘बूस्ट’ खरोखर वेगळा: मोठ्या चाकांना बळकटी यावी म्हणून स्पोकच्या दोन्ही कडा ३-३ मिलिमीटर बाहेर नेल्या. कॅसेट मात्र तीच राहते.

आता या जुन्या चाकाकडे पुन्हा पाहू. याच्यावर आम्ही ही ११ ते ४२ दात्यांची, अकरा चकत्यांची नवी कॅसेट सरकवतो आहोत. बघा, बसली. लॉकरिंग आवळलं, हलत नाही. ज्यांना हाताने करून पाहायचं आहे, त्यांनी पुढे यावं. प्रश्न त्यानंतर घेऊ.