खताच्या मागचा हिशेब

वाचकहो, कर्ज फेडले तरी सावकाराच्या वहीत ते उभेच, मग कुणब्याने दाद कुठे मागावी? 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातील सुप्यास लोकांनी सावकारांची खतेच जाळली. दंगा नगर जिल्ह्यातही पसरला. 1879 साली कायदा झाला. आपले राहाते ज्या नगर जिल्ह्यात, तोही त्यात आला. कोर्टाने नुसता अंगठा पाहू नये, व्यवहार मुळापासून तपासावा. कुणबी मागो न मागो, सावकाराने पावती द्यावी, असे ठरले.

आज वहीच्या जागी क्रेडिट रिपोर्ट आहे. त्यात फेडलेले कर्ज बाकी दिसले, तर बँकेकडे किंवा रिपोर्ट देणाऱ्या कंपनीकडे लेखी तक्रार करा. 30 दिवसांत निवारण झाले नाही, तर पुढे दिवसाला 100 रुपये भरपाई मिळते. मात्र पावती जपा, मंडळी!