डोळ्यांदेखतची धार

आमच्या गोठ्यात दोन म्हशी, एक रेडी, सहा कोंबड्या आणि एक कुत्रं आहे. गाव प्रयाग चिखली, कोल्हापूरला लागूनच. २०२० मध्ये कंपनीनं घरून काम करायला सांगितलं तेव्हा लॅपटॉप घेऊन पुण्याहून गावी आलो, तो परत गेलोच नाही. टीममधले लोक या सगळ्याला माझं 'हॉबी फार्म' म्हणतात. काका गोठाच म्हणतात. पहाटे शेण काढणं माझ्याकडे, धार काकांकडे. साडेनऊच्या मीटिंगला बसतो तेव्हा हाताला वैरणीचा वास असतो.

दोन म्हशींपैकी थोरली पंढरपुरी. तलवारीसारखी लांब शिंगं, अंगानं बेताची, दूधही बेताचं. धाकटी मुऱ्हा, हरियाणाच्या जातीची, थोरलीपेक्षा बरंच जास्त दूध देणारी. गेल्या वर्षी मी इंजिनिअरच्या खाजेनं एक्सेल शीट केली. उसाचं वाढं, सरकी पेंड, डॉक्टर, भाकड महिने, सगळं मांडलं. थोरलीची ओळ लाल आली. काकांनी चष्मा लावून बघितली आणि म्हणाले, "हिशोब बरोबर हाय तुझा. पर हिला इकायची न्हाई." का, ते सांगितलं नाही. त्या 'का'च्या मागे लागून मी कोल्हापूरच्या म्हशींचा इतिहास धुंडाळायला लागलो.

सुरुवात गंगावेशीत झाली. कोल्हापूरकराला धारकट्टा समजावून सांगायला नको, बाहेरच्यांसाठी सांगतो. संध्याकाळी गवळी म्हशी घेऊन चौकात येतात. गिऱ्हाईक समोर उभं असतं, त्याच्या डोळ्यांदेखत धार काढली जाते आणि फेसाळलेला ग्लास तसाच कोमट हातात येतो. न तापवलेलं, धारोष्ण. या प्रथेचं श्रेय कोल्हापुरात शाहू महाराजांना दिलं जातं. पैलवानांना निर्भेळ दूध मिळावं म्हणून त्यांनी गवळ्यांना पाठबळ दिलं, असं जुनी माणसं सांगतात. महाराजांचा कारभार १८९४ ते १९२२, आणि त्यांच्या काळात कोल्हापूर कुस्तीचं माहेरघर झालं हे तर खरंच. खासबाग मैदान १९१२ चं. गंगावेस तालीम आणि धारकट्टा एकमेकांच्या इतके जवळ, की दोघांचं नातं वेगळं सिद्ध करायची गरज वाटत नाही.

मला त्या कट्ट्यात एक यंत्रणा दिसली. दुधात पाणी घालणं ही जगातली जुनी लबाडी. त्यावर कोल्हापूरनं काढलेला उपाय साधा होता: म्हैस आणि गिऱ्हाईक यांच्या मधलं अंतरच काढून टाकायचं. पाणी घालायला जागाच उरत नाही.

पण हे चालायला तशी म्हैस लागते. म्हैस पान्हा सोडते तेव्हाच दूध उतरतं, आणि पान्हा ऑक्सिटोसिन नावाच्या संप्रेरकावर अवलंबून असतो. जनावर बिथरलं की ते आखडतं. कास भरलेली असूनही सडातून धार येत नाही. आमची मुऱ्हा दारात अनोळखी मोटरसायकल आली तरी दूध चोरते. पंढरपुरी मात्र हॉर्न, रिक्षा, गर्दी यांच्या मधोमध उभी राहून पान्हावते, दिवसातून अनेकदा थोडं थोडं देते. ज्या गुणावर कट्टा उभा राहिला, तो गुण माझ्या शीटमध्ये कुठल्याच रकान्यात नव्हता.

कट्ट्याची मर्यादाही उघड होती. चौकात म्हैस आणून शहराच्या एका कोपऱ्याची तहान भागेल, जिल्ह्याची नाही. जिल्ह्याचं दूध गोळा करायचं तर डोळ्यांच्या जागी दुसरं काहीतरी हवं. ते स्वित्झर्लंडमध्ये १८९० च्या दशकात तयार झालं होतं. निकलाउस गेर्बर या रसायनशास्त्रज्ञानं दुधातली फॅट मोजायची सोपी पद्धत काढली. काचेच्या नळीत गंधकाम्ल, दूध आणि थोडं अमाईल अल्कोहोल घालायचं, नळी यंत्रात गरगर फिरवायची, वर आलेला फॅटचा थर मोजायचा. पाणी घातलं की आकडा खाली येतो. माणसाची साक्ष काढायची गरज उरत नाही.

भारतात या आकड्याचा फायदा म्हशीला झाला. गाईच्या दुधात फॅट साधारण चार टक्के, म्हशीच्या सात. म्हशीच्या दुधाची पावडर होत नाही, असं परदेशी तज्ज्ञ सांगत असताना आणंदला एच. एम. दलाया यांनी ती करून दाखवली, आणि १९५५ मध्ये तिथल्या कारखान्याचं उद्घाटन पंडित नेहरूंनी केलं. योगायोग असा, की ऑक्सिटोसिन प्रयोगशाळेत बनवणाऱ्या व्हिन्सेंट दु व्हिनो यांना नोबेलही त्याच वर्षी मिळालं. पुढे १९६३ मध्ये कोल्हापूर जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघ, म्हणजे आपलं 'गोकुळ', उभा राहिला. गावोगावच्या संस्थांत सकाळ-संध्याकाळ किटल्यांची रांग लागली, दर दहा दिवसांनी बिल येऊ लागलं. ऊस वर्षातून एकदा पैसे देतो, दूध महिन्यातून तीनदा. शाळेची फी, किराणा, माझं इंजिनिअरिंगच्या मेसचं बिलसुद्धा त्यातूनच गेलं. म्हणून आकड्याला नावं ठेवायचा मला हक्क नाही. मी त्या आकड्यावरच शिकलो.

तरीही काकांच्या 'का'चं उत्तर मिळालं नव्हतं. ते ऑगस्ट २०१९ मध्ये होतं, आणि मी तेव्हा पुण्यात होतो.

चिखलीला प्रयाग म्हणतात ते नद्यांच्या संगमामुळे. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती यांचं पाणी एकत्र येऊन इथून पंचगंगा होते. त्यामुळे पूर आमच्याकडे आधी येतो. १९८९ च्या पुरानंतर गावाला सोनतळीच्या माळावर जागा मिळाली. त्याच सोनतळीला शाहू महाराजांचा कॅम्प होता. पण शेत आणि गोठे खालीच राहिले. पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट. त्या वर्षी पाणी ५५ फुटांवर गेलं. मी फोनवर काकांना ओरडत होतो, "अहो, तुम्ही तरी निघा!" ते म्हणत होते, "जनावरं सोडून कसा निघू?" बातम्यांत अशी माणसं हट्टी म्हणून दाखवत होते. मीही तेच म्हणत होतो.

पुढचं मला यंदा कळलं, शेण काढता काढता. रस्त्यावर पाणी यायच्या बेतात होतं. आमच्या आणि शेजारच्या म्हशी दावं सोडलं तरी पाय उचलेनात. काकांनी मोटरसायकल काढली, पुढे जाऊन रेस केली आणि थोरलीला हाक मारली. ती मागे चालू लागली, तिच्यामागे बाकीच्या. अशा रीतीनं ती ओळ सोनतळीच्या चढाला लागली.

कोल्हापूरकरांच्या लक्षात आलं असेल. दिवाळी पाडव्याला गवळी म्हशींची शिंगं रंगवतात, मोरपिसं लावतात, आणि मालक सायलेन्सर काढलेली गाडी घेऊन पुढे पळतो, मागे म्हैस. लहानपणापासून मी ते बघत आलो, पुण्याच्या मित्रांना व्हिडिओ दाखवून हसवत आलो. हौसेपोटी काकांनी थोरलीलाही ते शिकवलं होतं. धारकट्ट्यावरचा निवांतपणा आणि पाडव्याची पळापळ, दोन्हींच्या मुळाशी एकच गोष्ट: कितीही गोंगाट असू दे, म्हशीला आपला माणूस ओळखू येतो.

मी काकांना म्हटलं, "हे तेव्हाच का नाही सांगितलं?"

"तू इचारलंस कुठं? तू हिशोब दाखवलास."

शीट मी काढून टाकलेली नाही. दर दहा दिवसांनी बिल आलं की आकडे भरतो आणि थोरलीची ओळ लालच येते. काका विचारतात, "किती गेलं?" मी आकडा सांगतो. ते मान हलवतात आणि तिला वैरण टाकायला जातात.