गुन्हा एक, न्यायालये दोन

कृत्य तेच असले तरी ते करणाऱ्याच्या वयाला अठरा वर्षे पूर्ण झालेली नसतील, तर कायद्याची भाषाच बदलते. तो 'आरोपी' राहत नाही, 'विधिसंघर्षग्रस्त बालक' ठरतो. त्याला अटक होत नाही, ताब्यात घेतले जाते. त्याच्यावर खटला चालत नाही, चौकशी होते आणि अखेरीस त्याला शिक्षा नव्हे, तर आदेश सुनावला जातो. हा केवळ शब्दांचा खेळ नाही. प्रौढांचे फौजदारी न्यायालय आणि बालन्याय मंडळ या दोन यंत्रणा गुन्ह्याकडे मुळातच वेगळ्या दृष्टीने पाहतात. कोणते कृत्य घडले आणि त्याचे उत्तरदायित्व किती, हा पहिलीचा मुख्य प्रश्न. तर ते करणारा कोण आहे आणि पुढे त्याचे काय होऊ शकेल, हा दुसरीचा.

या भेदाचा उगम एकोणिसाव्या शतकात आहे. मुलांसाठीचे पहिले स्वतंत्र न्यायालय १८९९ मध्ये अमेरिकेतील शिकागो येथे स्थापन झाले. भारतात मद्रास, बंगाल व मुंबई प्रांतांनी अनुक्रमे १९२०, १९२२ व १९२४ मध्ये बालकांसाठी स्वतंत्र कायदे केले. मात्र संपूर्ण देशासाठी समान कायदा येण्यास १९८६ साल उजाडले. त्या कायद्यात मुलाचे वय सोळा वर्षांपर्यंत व मुलीचे अठरापर्यंत धरले होते. बालहक्कांविषयीचा संयुक्त राष्ट्रांचा करार भारताने १९९२ मध्ये स्वीकारला आणि त्याला अनुसरून २००० च्या कायद्याने दोघांसाठी अठरा वर्षे ही एकच मर्यादा आणली.

दोन यंत्रणा, दोन पद्धती

सत्र न्यायालयात सरकार पक्ष व बचाव पक्ष समोरासमोर असतात. आरोपनिश्चिती, साक्षीपुरावे, युक्तिवाद आणि दोषसिद्धी झाल्यास शिक्षा असा तेथील क्रम असतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत फाशी, जन्मठेप, सश्रम व साधा कारावास, मालमत्ता जप्ती व दंड यांच्या जोडीला समाजसेवेचाही शिक्षा म्हणून समावेश झाला आहे. सुधारणेचा विचार येथेही अगदीच परका नाही. एकवीस वर्षांखालील दोषी व्यक्तीला, गुन्हा जन्मठेपेस पात्र नसेल तर, शक्यतो तुरुंगात पाठवू नये, असे १९५८ चा परिविक्षा कायदा सांगतो. फाशीची शिक्षा 'दुर्मिळातील दुर्मिळ' प्रकरणातच द्यावी, हा दंडक सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये घालून देताना आरोपीचे वय व सुधारण्याची शक्यता यांचीही दखल घेतली होती. तथापि तेथे हा विचार दोष सिद्ध झाल्यानंतर येतो.

बालन्याय मंडळात तो आरंभापासूनच असतो. मंडळावर एक न्यायदंडाधिकारी व दोन सामाजिक कार्यकर्ते असतात आणि त्यांपैकी एक महिला असणे बंधनकारक आहे. मुलाला पोलीस कोठडीत वा तुरुंगात ठेवता येत नाही. चोवीस तासांच्या आत मंडळापुढे उभे करावे लागते. घरची परिस्थिती, शिक्षण, संगत यांचा सामाजिक तपासणी अहवाल तयार केला जातो. जामीन हा येथे नियम आहे. सुटकेमुळे मूल गुन्हेगारांच्या संगतीत जाण्याची, त्याला धोका पोहोचण्याची किंवा न्यायाचा हेतूच विफल होण्याची शक्यता असेल, तरच तो नाकारता येतो. समज देणे, समुपदेशन, समाजसेवा, पालकांना दंड, देखरेखीखाली मुक्तता आणि जास्तीत जास्त तीन वर्षे विशेष गृहात ठेवणे, असे पर्याय मंडळापुढे असतात. मुलाची ओळख प्रसिद्ध करण्यास मनाई आहे.

दयेच्या या भूमिकेतही धोका असतो, हे अमेरिकेतील एका प्रकरणाने दाखवून दिले. ॲरिझोना राज्यात १९६४ मध्ये दूरध्वनीवर अश्लील बोलल्याच्या आरोपावरून एका पंधरा वर्षांच्या मुलाला एकविसाव्या वर्षापर्यंत सुधारगृहात पाठवण्यात आले. प्रौढाला त्याच कृत्यासाठी फार तर पन्नास डॉलर दंड किंवा दोन महिने कैद झाली असती. मुलांनाही वकील, आरोपांची पूर्वसूचना व साक्षीदारांच्या उलटतपासणीचा अधिकार आहे, असा निर्वाळा तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये दिला.

सोळा ते अठरा : वादाचा पट्टा

भारतात या विषयाला धार आली ती १६ डिसेंबर २०१२ रोजी दिल्लीत घडलेल्या सामूहिक बलात्कार प्रकरणानंतर. सहा आरोपींपैकी एकाचा तुरुंगात मृत्यू झाला आणि चौघांना २० मार्च २०२० रोजी फाशी देण्यात आली. सहावा घटनेच्या वेळी अठरा वर्षांना काही महिने कमी होता. त्याला तीन वर्षे सुधारगृहात ठेवण्याचा आदेश झाला व डिसेंबर २०१५ मध्ये त्याची सुटका झाली. वयोमर्यादा कमी करू नये, असे न्यायमूर्ती जे. एस. वर्मा समितीने २०१३ मध्येच सुचवले होते. तरीही सुटकेनंतर दोनच दिवसांनी राज्यसभेने नवे विधेयक संमत केले आणि १५ जानेवारी २०१६ पासून तो कायदा लागू झाला.

या कायद्याने अठराची मर्यादा कायम ठेवली, पण सोळा ते अठरा वयोगटासाठी एक दार उघडले. किमान सात वर्षे शिक्षा असलेला 'निर्घृण' गुन्हा असेल, तर मुलाची मानसिक व शारीरिक क्षमता, परिणामांची जाण आणि गुन्ह्याची परिस्थिती यांचे प्राथमिक मूल्यमापन मंडळ करते. त्यानंतर प्रकरण बाल न्यायालयाकडे पाठवता येते आणि तेथे प्रौढाप्रमाणे खटला चालू शकतो. अशा वेळीही फाशी किंवा सुटकेची शक्यता नसलेली जन्मठेप देता येत नाही. एकविसाव्या वर्षापर्यंत त्याला सुरक्षित स्थानी ठेवून नंतर पुन्हा त्याचे मूल्यमापन करावे लागते. हे काम वरवर उरकण्याचे नाही, मानसतज्ज्ञांचे साहाय्य घ्यावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये बजावले आहे.

पुण्यातील कल्याणीनगर येथे १९ मे २०२४ रोजी झालेल्या मोटार अपघातात दोन तरुण अभियंत्यांचा बळी गेला. चालक सतरा वर्षांचा होता. जामिनाच्या अटींमध्ये तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याचीही अट असल्याचे समजताच संतापाची लाट उसळली. त्याच्यावर प्रौढ म्हणून खटला चालवण्याची पोलिसांची मागणी मंडळाने जुलै २०२५ मध्ये फेटाळली. सदोष मनुष्यवधाच्या गुन्ह्याला कमाल शिक्षा मोठी असली, तरी किमान सात वर्षांची अट नाही. अशा गुन्ह्यांना 'निर्घृण' म्हणता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले होते आणि २०२१ च्या दुरुस्तीने ते कायद्यातही आले.

जन्मतारखेचे मोल

या साऱ्या व्यवस्थेचा आधार म्हणजे जन्मतारीख. गुन्हा घडला त्या दिवसाचे वय ग्राह्य धरावे, असे घटनापीठाने २००५ मध्ये ठरवले. त्यासाठी प्रथम शाळेचा दाखला वा शालान्त परीक्षेचे प्रमाणपत्र, ते नसल्यास नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला आणि तोही नसेल तरच हाडांची वैद्यकीय तपासणी, असा क्रम आहे. अल्पवयीन असल्याचा दावा निकाल अंतिम झाल्यानंतरही करता येतो.

तो उशिरा मान्य झाल्यास काय घडते, हेही पुण्यानेच पाहिले आहे. तेथे १९९४ मध्ये झालेल्या सात जणांच्या हत्याकांडात फाशीची शिक्षा झालेला एक कैदी घटनेच्या वेळी अवघा साडेबारा वर्षांचा होता, हे सर्वोच्च न्यायालयाने राजस्थानातील शाळेच्या नोंदीवरून मार्च २०२३ मध्ये मान्य केले. तोवर त्याने अठ्ठावीस वर्षांहून अधिक काळ तुरुंगात काढला होता. कायद्याने त्याला जास्तीत जास्त तीन वर्षेच अडकवून ठेवता आले असते.

गंभीर गुन्ह्यात बळी पडलेल्यांच्या कुटुंबाला तीन वर्षांचा आदेश तोकडा वाटणे स्वाभाविक आहे, आणि त्यांच्या दुःखाला वयाची सवलत लागू होत नाही. मात्र शिक्षा किती, या वादात दोन साध्या गोष्टी मागे पडतात. एक, ताब्यात घेताच वयाची काटेकोर खातरजमा. आणि दुसरी, सुधारगृहात खरोखरच सुधारणा घडवू शकणारे शिक्षक, समुपदेशक व परिविक्षा अधिकारी. पहिलीत चूक झाली तर बालक फाशीच्या कोठडीत पोहोचते. दुसरीची उणीव राहिली तर तीन वर्षांनी बाहेर पडणारा तरुण होता तसाच समाजात परततो, आणि मग बालन्यायाची वेगळी वाट कशासाठी, या प्रश्नाला उत्तर उरत नाही.