विद्यापीठ आणि परीक्षापीठ

हिंगोली जिल्ह्यांतील एखाद्या घरीं, 'आपलें विद्यापीठ कोठें आहे?' असें विचारलें, तर उत्तर बहुधा असें मिळतें कीं, मुलगा येथल्याच महाविद्यालयांत शिकतो. विद्यापीठ नांदेडास आहे, तेथून निकाल येतो. निकाल जेथून येतो तें विद्यापीठ, ही समजूत आपल्याकडे इतकी रुळली आहे कीं, तींत कांहीं विपरीत आहे असें कोणास वाटत नाहीं. ती आली कोठून, हें पाहावयाचें झाल्यास ब्रिटिश विद्यापीठांच्या इतिहासाकडे वळलें पाहिजे.

ऑक्सफर्ड अमक्यानें अमक्या दिवशीं स्थापिलें असें सांगतां येत नाहीं. इ. स. १०९६ च्या सुमारास तेथें कांहीं अध्यापन चालूं होतें. ११६७ सालीं दुसऱ्या हेन्री राजानें इंग्रज विद्यार्थ्यांस पॅरिसला जाण्याची मनाई केली, तेव्हां तें झपाट्यानें वाढलें. १२०९ मध्यें नगरवासीयांशीं तंटा विकोपास जाऊन कांहीं पंडित ऑक्सफर्ड सोडून केंब्रिजला गेले, आणि तेथें दुसरें विद्यापीठ उभें राहिलें. विद्यापीठ म्हणजे इमारत नसून गुरुशिष्यांचा समुदाय होता, म्हणूनच तें असें उठून चालूं शकलें. 'युनिव्हर्सिटी' या शब्दाच्या मुळाशीं असलेल्या लॅटिन शब्दाचा अर्थही संघ असाच आहे. आपल्या भागास ही कल्पना परकी नाहीं. नरसीचे नामदेव औंढ्या नागनाथास विसोबा खेचरांकडे गेले असें परंपरा सांगते, तें ज्ञानासाठींच, प्रशस्तिपत्रासाठीं नव्हे.

परंतु या जुन्या विद्यापीठांचा एक दोष मोठा होता. इंग्लंडच्या अधिकृत धर्मपंथाबाहेरील लोकांस ऑक्सफर्डमध्यें प्रवेश व केंब्रिजमध्यें पदवी मिळत नसे. या अन्यायाचें उत्तर म्हणून १८२६ सालीं लंडनमध्यें धर्माची अट नसलेलें महाविद्यालय निघालें. १८२९ मध्यें अधिकृत पंथाच्या अभिमान्यांनीं दुसरें काढलें. दोघांच्याही विद्यार्थ्यांची परीक्षा घेऊन पदवी देण्यासाठीं १८३६ सालीं लंडन विद्यापीठ स्थापन झालें. तें स्वतः शिकवीत नसे. १८५८ पासून कोठेंही शिकलेल्यास त्याच्या परीक्षेस बसतां येऊं लागलें, आणि १८७८ मध्यें स्त्रियांसही पदव्या मोकळ्या झाल्या. परीक्षापीठाचा जन्म अशा रीतीनें उदार हेतूंतून झाला, हें विसरतां कामा नये.

१८५४ च्या वुडच्या खलित्यानें हाच लंडनचा नमुना हिंदुस्थानसाठीं निवडला, व १८५७ मध्यें कलकत्ता, मुंबई आणि मद्रास येथें विद्यापीठें निघालीं. मुंबईच्या १८६२ सालच्या पहिल्या पदवीधरांत रानडे व भांडारकर होते. त्यावरून ही पद्धति निष्फळ होती असें कोणी म्हणणार नाहीं. पण १८९८ च्या कायद्यानें लंडननें आपलें रूप पालटलें व १९०० पासून तें शिकविणारें विद्यापीठ झालें. मूळ बदललें, आपण नक्कल जपून ठेवली.

निजामी राज्यांतील मराठवाड्याची कथा निराळी आहे. १९१८ सालीं स्थापन झालेलें उस्मानिया विद्यापीठ शिकविणारें होतें. मात्र तें उर्दूंतून शिकवी, आणि मराठी मुलास ज्ञानाआधीं भाषेचा उंबरठा ओलांडावा लागे. १९५८ मध्यें औरंगाबादेस मराठवाडा विद्यापीठ आलें, १९९४ मध्यें नांदेडास स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ आलें. दारें जवळ आलीं, हा लाभ लहान नाहीं. तथापि, खेड्यापाड्यांतील महाविद्यालयांशीं विद्यापीठाचा संबंध मुख्यतः परीक्षेचाच राहिला.

प्रस्तुत लेखकानें ज्यांचीं तोंडेंही पाहिलीं नाहींत अशा असंख्य विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिका आजवर तपासल्या. त्यांना गुण दिले. विद्या दिली असें म्हणवत नाहीं. लंडननें दार उघडलें, तें उघडेंच राहिलें पाहिजे. पण दाराच्या आंत कोणी बसलेलें असावें लागतें. तास संपल्यावरही शंका घेऊन चार विद्यार्थी थांबतात आणि शिक्षकही घड्याळ पाहत नाहीं, अशी खोली हिंगोलींत असेल, तर विद्यापीठ नांदेडास नसून त्या खोलींत आहे.