सुईची भीती
दंतवैद्यांनी हिरडीत टोचायची सुई उचलली आणि वर्गात मुलांना धीटपणा शिकविणारा मी खुर्चीचे हात घट्ट धरून बसलो. आधार घेतला तो इतिहासाचा. १८८४ साली न्यूयॉर्कला हॉल्स्टेड व त्यांच्या सहकाऱ्यांनी कोकेन टोचून जबड्याची नस बधिर केली. प्रयोग स्वतःवरच, त्या व्यसनाने हॉल्स्टेडना पुढे फार छळले. १० जानेवारी १८९७ रोजी मुंबईत हाफकिन यांनी प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली, ताप सोसला, मगच ती इतरांना दिली. म्हणजे माझ्या वाट्याची भीती कुणीतरी आधीच भोगली होती! मी म्हटले, "डॉक्टर, सावकाश टोचा, हात वर केला की थांबा." हात वर करावाच लागला नाही.