राजनयातील व्यक्तिगत विश्वास
वाटाघाटी करणाऱ्या व्यक्तींनी परस्परांच्या शब्दावर ठेवलेला भरवसा. लेखी करारात उघडपणे मांडता न येणारी तडजोड अनेकदा त्यावरच उभी राहते.

क्यूबातील सोव्हिएत क्षेपणास्त्रांवरून अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांच्यात उद्भवलेला १९६२ चा क्यूबा क्षेपणास्त्र पेचप्रसंग हे त्याचे ठळक उदाहरण. अमेरिकेचे अ‍ॅटर्नी जनरल रॉबर्ट केनेडी आणि सोव्हिएत गुप्तचर अधिकारी गिओर्गी बोल्शाकोव्ह यांच्या खासगी भेटी १९६१ पासून चालू होत्या. क्यूबात आक्रमक क्षेपणास्त्रे नाहीत, हा बोल्शाकोव्ह यांनी आणलेला निरोप खोटा ठरला आणि तो दुवा निकामी झाला.

मग सोव्हिएत राजदूत अनातोली दोब्रिनिन यांचे महत्त्व वाढले. मॉस्कोने क्षेपणास्त्रांबाबत त्यांनाही अंधारात ठेवले होते. २७ ऑक्टोबरला सायंकाळी केनेडींनी त्यांना वॉशिंग्टनमधील न्याय विभागात तोंडी आश्वासन दिले: तुर्कस्तानातील अमेरिकी ज्युपिटर क्षेपणास्त्रे चार-पाच महिन्यांत काढू, मात्र याची वाच्यता नको. दुसऱ्याच दिवशी सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांनी क्यूबातून क्षेपणास्त्रे मागे घेण्याचे जाहीर केले.

या सौद्याचा उल्लेख असलेले सोव्हिएत पत्र केनेडींनी परत केले, पण शब्द पाळला गेला. एप्रिल १९६३ पर्यंत ज्युपिटर क्षेपणास्त्रे हटली. अणुयुद्धाच्या उंबरठ्यावर दोन माणसांमधील हा भरवसा अमूल्य ठरला. दोब्रिनिन पुढे १९८६ पर्यंत, सहा अमेरिकी अध्यक्षांच्या काळात, राजदूतपदी राहिले.